‘गंज’मधला तो टेक

बिबवेवाडीत आमच्या स्टुडिओच्या खाली डोशाचं एक हॉटेल आहे. मागच्या आठवड्यात दुपारी तिथे बसले होते. डोसा आला, पहिला घास घेतला आणि हॉटेलातल्या स्पीकरवर ‘गंज’ या अल्बममधलं ते गाणं लागलं. मी पर्स उचलली आणि बाहेर रस्त्यावर जाऊन उभी राहिले.

वेटर मागोमाग आला. "मॅडम, काय झालं? मीठ जास्त झालंय का?"

"नाही. गाणं संपलं की येते."

"अहो, भारी गाणं आहे ते! तिसऱ्या मिनिटाला तो जो ओरडतो ना, अंगावर काटा येतो."

"माहीत आहे. मीच रेकॉर्ड केलंय."

त्याचा विश्वास बसला नाही. माझ्याकडे बघून कोणाचाच बसत नाही. अठ्ठावन्न वर्षांची, सुती साडीतली, चष्म्याला दोरी लावलेली बाई रॉक गाणी रेकॉर्ड करते हे लोकांना पटत नाही. मीही पटवायला जात नाही. पण त्या गाण्याच्या तिसऱ्या मिनिटाला मी अजून घाबरते. का, ते एकदा लिहून टाकावं म्हणते. सुजातला विचारूनच लिहिते आहे. तो म्हणाला, "लिहा, फक्त मला बिचारा करू नका."

रेकॉर्डिस्ट काय करतो, हे आधी सांगते. काचेच्या एका बाजूला गाणारा, दुसऱ्या बाजूला आम्ही. गाणाऱ्याला हेडफोनमधून वाद्यं ऐकवायची, त्याचा आवाज टिपायचा, बटण दाबून त्याच्याशी बोलायचं. एकदा गाऊन झालं की तो एक टेक. चांगला झाला तर ठेवायचा, नाहीतर पुन्हा घ्यायचा. एवढंच काम. पण हे काम तीस वर्षं केल्यावर गाण्यापेक्षा गाण्याच्या आजूबाजूचं जास्त ऐकू यायला लागतं. कोणाची कवळी सैल आहे, कोण घरून भांडून आलाय, कोण उपाशी आहे, ते माइकसमोर लपत नाही.

कोथरूडचे एक निवृत्त प्राध्यापक अंधांसाठी पुस्तकं वाचून द्यायला यायचे. मोठे नेमके गृहस्थ. एकदा वाचताना ते वाक्याच्या मध्येच श्वास घ्यायला लागले. मी बटण दाबून विचारलं, "सर, जिना घाईने चढलात का?" म्हणाले, "छे, अर्धा तास झाला बसून." मी वाचन तिथेच बंद केलं आणि म्हटलं, आधी हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा. ते चिडले. "आपण ध्वनिमुद्रण करता की वैद्यकी?" असं म्हणून गेले. दहा दिवसांनी त्यांच्या मुलाचा फोन आला, बायपास झाली म्हणून. पुढे बरे होऊन ते पेढे घेऊन आले आणि कोथरूडभर सांगत सुटले की ही बाई कानाने एक्स-रे काढते.

मला त्याचा अभिमान वाटायचा. खोटं कशाला सांगू.

बाकी गिऱ्हाइकं नेहमीची. साड्यांच्या दुकानांच्या जाहिराती, शाळांची स्वागतगीतं. निवडणुकीला उभे राहिलेले एक साहेब आले होते. त्यांचा आवाज बारीक होता, तो ‘जरा भारदस्त करा’ म्हणाले. केला. प्रचाराच्या रिक्षावर तो आठ दिवस फिरला. मग साहेब सभेत स्वतः बोलायला उभे राहिले, तेव्हा मागच्या रांगेतून कोणीतरी विचारलं, "हे कोण? साहेब कधी येणार?"

अशा माझ्या स्टुडिओत एक दिवस सकाळी चार मुलं गिटारी आणि ड्रम घेऊन आली. त्यांचा म्होरक्या ओंकार ड्रम वाजवायचा आणि हिंजवडीत नोकरी करायचा. तो म्हणाला, "काकू, रेकॉर्डिस्ट कुठे आहेत?"

"काकू घरी असते. इथे रेकॉर्डिस्ट बसते. बोला."

बिचारा लाल झाला. त्यानंतर सगळे मला ताई म्हणायला लागले.

कुठल्या प्रकारचं संगीत, असं मी विचारलं. ओंकार म्हणाला, "पोस्ट-ग्रंज." मला ऐकू आलं ‘गंज’. मी म्हटलं, "म्हणजे लोखंडावर चढतो तो?" तिघं हसले. चौथा हसला नाही. भिंतीला टेकून उभा असलेला तो सडपातळ मुलगा शांतपणे म्हणाला, "बरोबर ऐकलंत. तसंच आहे ते." तो सुजात. त्यांचा गायक. गाणी तोच लिहायचा. अल्बमचं नाव तिथेच ठरलं.

त्यांचं संगीत मला तोवर अनोळखी होतं. पण ते रेकॉर्ड करता करता कळत गेलं. गाणं हळू सुरू होतं, जवळजवळ बोलल्यासारखं. मग एकदम गिटारी अंगावर येतात आणि गाणारा गळा खरवडून गायला लागतो. शब्द मराठी, आणि सगळे आपल्या आसपासचे. नोकरीच्या मुलाखतीत आडनाव ऐकून बदलणारा चेहरा, भाड्याचं घर बघायला गेल्यावर विचारलं जाणारं ‘तुम्ही कोण?’, बापाच्या जुन्या बुटात पाय घालून बघणारा मुलगा. सुजात ते गायचा तेव्हा मला डेस्कची कडा धरून बसावं लागायचं. एवढा खरा आवाज माझ्या माइकसमोर कधीच आला नव्हता.

चौथ्या दिवशी त्याची आई डबा घेऊन आली. कांचनताई. सरकारी कचेरीत नोकरीला, अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून विश्रांतवाडीहून दोन बस बदलून आलेल्या. "जय भीम, ताई," म्हणाल्या आणि काचेतून मुलाकडे बघत बसल्या. त्यांचे वडील जयंतीला वस्तीत भीमगीतं गायचे. स्पीकर नसला तरी शेवटच्या घरापर्यंत आवाज पोचायचा, म्हणाल्या. निघताना माझा हात धरला. "गळा माझ्या वडिलांचा आलाय याच्याकडे. हा स्वतः सांभाळत नाही. तुम्ही सांभाळा."

"सांभाळते," मी म्हटलं.

शेवटचं गाणं राहिलं होतं. त्या दिवशी अल्बम काढणाऱ्या कंपनीकडून मुंबईहून एक गृहस्थ आले होते, ते सोफ्यावर बसून मोबाइलवर घड्याळ बघत होते. त्यांना गाणं दुसऱ्या दिवशी हवं होतं. सुजातला सर्दी होती आणि तो सकाळी दहापासून गात होता. असं गाणं मी कोणालाही तीन तासांच्या वर गाऊ देत नाही. त्या दिवशी दुपारचे तीन वाजले होते.

गाण्याच्या तिसऱ्या मिनिटाला एक लांब, वर चढत जाणारी हाक होती. शब्द नाहीत, फक्त हाक. पाच टेक झाले. पाचवा चांगला होता. पण त्या हाकेच्या अगदी टोकाला काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत होतं.

आणि त्याच पाचव्या टेकमध्ये मी ते ऐकलं. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी बारीक वाफ सुटायला लागते ना, तसं त्याच्या सुराच्या खाली काहीतरी सुटत होतं. दुसऱ्या कोणाला ऐकू येण्यासारखं नव्हतं. मला स्वच्छ ऐकू आलं.

काचेपलीकडून सुजातने हेडफोन जरा सरकवला. "ताई, गळा कसा ऐकू येतोय? अजून एक घेऊ?"

बटणावर माझं बोट होतं. ‘आज पुरे’ एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. कंपनीच्या माणसाला मी घाबरत नव्हते. त्याच्यासारखे पुष्कळ परत पाठवले होते. मला तो टेक हवा होता. तीस वर्षं साड्यांच्या जाहिराती रेकॉर्ड केल्यावर एकदा तरी असं काही आपल्या हातून व्हावं असं वाटत होतं, आणि ते एका टेकवर येऊन थांबलं होतं.

"ठीक आहे," मी म्हणाले. "घे."

सहावा टेक. तिसऱ्या मिनिटाला त्याने हाक घेतली. ती चढली, आणखी चढली, आणि टोकाला जाऊन दुभंगली. एका आवाजाचे दोन झाले, मग त्यातला एक विझला आणि नुसती हवा उरली. त्या हवेतच त्याने शेवटची ओळ पुटपुटली.

सोफ्यावरचे गृहस्थ उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. ओंकारने माझ्या खांद्यावर थाप मारली. "ताई, आला!"

मी काचेतून बघत होते. सुजातने माइकसमोर तोंड उघडलं, काहीतरी बोलला, आणि हेडफोनमध्ये काहीच आलं नाही. त्याने पुन्हा प्रयत्न केला. मग गळ्याला हात लावून माझ्याकडे बघून हसला. बाहेर येऊन त्याने मोबाइलवर लिहून दाखवलं, ‘आवाज बसला. होईल उद्या.’

मी मान हलवली. पण बसलेल्या आवाजाला घोगरा का होईना, सूर असतो. इथे सूरच नव्हता.

मी म्हटलं, "आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे." ओंकारने गाडी काढली.

घशाच्या डॉक्टरांनी कॅमेऱ्याची नळी घालून बघितलं आणि आम्हाला पडद्यावर दाखवलं. दोन पांढऱ्या पट्ट्या असायला हव्यात, त्यातली एक जांभळट लाल झालेली. "स्वरतंतूत रक्त उतरलंय," डॉक्टर म्हणाले. "तीन आठवडे एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंही नाही. मग बघू."

"गाणं?" ओंकारने विचारलं.

"आधी बोलता येतंय का ते बघू," डॉक्टर म्हणाले.

तोवर कांचनताई आल्या. कचेरीतून तशाच, खांद्याला पर्स, गळ्यात ओळखपत्र. बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी बसल्या. ओंकारने त्यांना सगळं सांगितलं. त्या गळ्यातलं ओळखपत्र काढून पर्समध्ये ठेवत मला म्हणाल्या, "ताई, तुम्ही तर ऐकत होतात. तुम्हाला काही कळलं नाही?"

त्यांच्या विचारण्यात आरोप नव्हता. खरंच विचारत होत्या.

"नाही," मी म्हणाले. "नाही कळलं."

त्या दिवसापासून जी भीती बसली ती सांगता येत नाही. तो आता कधीच बोलणार नाही, हा विचार कपडे वाळत घालताना, भाजी निवडताना कधीही येऊन उभा राहायचा. आणि त्याच्या मागे दुसरी, त्याहून लाजिरवाणी भीती: त्यांना कळलं तर? टेकचं रेकॉर्डिंग माझ्याकडे होतं. पाचव्या टेकमधली ती वाफ मी रोज सकाळी ऐकायचे. वाटायचं, आज ऐकू येणार नाही, मला उगाच भास झाला असेल. रोज ऐकू यायची.

गाणं मिक्स करताना, म्हणजे आवाज आणि वाद्यं एकत्र बसवताना, मी ती हाक टोकाला पोचायच्या आधीच हळू विझवली आणि गिटारी वर आणल्या. सुजात ऐकायला आला तेव्हा गळ्यात वही अडकवलेली होती. तिसऱ्या मिनिटाला त्याने हात वर केला आणि वहीत लिहिलं, ‘कापलंत?’

"जरा," मी म्हटलं.

‘जसं गायलो तसं ठेवा. तेवढंच असेल तर तेवढं तरी राहू दे.’

मी ठेवलं.

अल्बम आला आणि पहिल्या महिन्यातच कंपनीचे लोक चक्रावले. आधी कॉलेजांमध्ये पसरला, मग रीलवर, मग जिममध्ये, मग लग्नाच्या वरातीत सुद्धा. त्या गाण्यावर वरात कशी नाचते हे मला अजून कळलेलं नाही. इतर राज्यांतली मुलं मराठी न कळता ते गाणं म्हणायला लागली. कंपनीने मला चौकटीत बसवलेली चकचकीत तबकडी पाठवली. ती मी कपाटामागे भिंतीकडे तोंड करून ठेवली. मुलाखती ओंकार द्यायचा. सुजात शेजारी बसून हसायचा. लोकांना वाटायचं, काय रुबाब आहे, एक शब्द बोलत नाही.

मौनाचे तीन आठवडे संपले तेव्हा रक्त ओसरलं होतं, पण त्या जागी छोटी गाठ धरली होती. शस्त्रक्रिया झाली. पुन्हा मौन. मी भेटायला गेले नाही. फोनवर ओंकारकडून कळायचं तेवढं कळायचं.

मग एक दिवस एक मुलगी आली. एकोणीस वर्षांची, हातात गिटार, स्वतःचं गाणं रेकॉर्ड करायचं म्हणून. ‘नमस्कार’ म्हणाली आणि मी ताठ बसले. आवाज पार घासलेला.

"सर्दी झालीये का?"

"नाही मॅडम, प्रॅक्टिस. रोज दोन तास. सुजातसारखा तो क्रॅक अजून येत नाहीये." आणि मोठ्या आनंदाने म्हणाली, "पण आता जवळ आलाय."

मी तिची गिटार पिशवीत घातली, तिला हाताला धरून खाली आणली, रिक्षात बसवली आणि तिच्याबरोबर त्याच डॉक्टरांकडे गेले. तिचं थोडक्यात निभावलं. सूज होती, बाकी काही नाही. तिला घरी सोडलं आणि परतताना रिक्षात एकच विचार डोक्यात फिरत राहिला. असे किती गळे असतील? त्या टेकवर माझं नाव होतं आणि तो कसा झाला ते फक्त मला माहीत होतं.

रविवारी सकाळी विश्रांतवाडीला गेले. दार कांचनताईंनी उघडलं. सुजात खिडकीशी बसला होता. डॉक्टरांनी त्याला दिवसाला दहा मिनिटं बोलायची परवानगी दिली होती, असं त्यांनीच सांगितलं. मी खुर्चीच्या टोकावर बसले आणि सगळं सांगितलं. पाचवा टेक, ती वाफ, बटणावरचं बोट, दवाखान्यातलं ‘नाही’. सांगताना कोणाकडेही बघितलं नाही.

मग सुजात बोलला. त्याचा नवा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. खालचा, सपाट, काळजीपूर्वक पाय टाकल्यासारखा.

"ताई, मलाही कळलं होतं."

मी वर बघितलं.

"पाचव्या टेकला. आत काहीतरी सुटल्यासारखं झालं. मी घाबरलो. पण तिथे सगळे बसले होते. ‘नको’ म्हणायची माझी हिंमत नव्हती." तो थांबला, पाणी प्यायला. "म्हणून तुम्हाला विचारलं. वाटलं, तुम्ही म्हणाल."

मी मनाशी शंभर उत्तरांची तयारी करून गेले होते. तो रागावेल, ओरडता येत नाही म्हणून दार दाखवेल. हे उत्तर त्यात नव्हतं. तो माझ्याकडे सुटका मागत होता आणि मी ‘घे’ म्हणाले होते.

कांचनताई उठून आत गेल्या. भांड्यांचा आवाज आला, थांबला. बाहेर आल्या तेव्हा पदराने हात पुसत होत्या. "रेकॉर्डिंगच्या वेळी चुकलात ते एक," म्हणाल्या. "माणूस चुकतो. पण दवाखान्यात मी तुम्हाला सरळ विचारलं होतं."

"हो."

"तेव्हा तरी सांगायचंत."

मी उठले. दारापर्यंत त्या सोडायला आल्या नाहीत.

पुढे सुजातने स्वतः एक व्हिडिओ केला. त्या नव्या आवाजात सांगितलं की ती हाक म्हणजे दुखापत आहे, कला नाही, आणि कोणीही तसं गाऊ नये. माझं नाव त्याने घेतलं नाही. लोकांनी व्हिडिओखाली ‘रिस्पेक्ट’ लिहिलं आणि गाणं आणखी चाललं.

या वर्षी उन्हाळ्यात त्याचा फोन आला. "नवीन गाणी आहेत. चार पट्ट्या खाली. तुमच्याकडेच करायची आहेत."

"माझ्याकडे का?" मला खरंच कळत नव्हतं.

"तुम्ही आता जास्त घाबराल म्हणून," तो म्हणाला. "आणि आई पण येऊन बसणार आहे."

त्या आल्या. माझ्या मागच्या सोफ्यावर बसल्या. ‘जय भीम’ म्हणाल्या, बाकी काही नाही. सुजात काचेपलीकडे उभा राहिला आणि गायला लागला. वरची हाक गेली होती ती कायमची, पण खालच्या सुरांत एक नवी खोली आली होती. पहिले दोन दिवस बरे गेले. मी दर तासाला थांबवत होते, वाफारा देत होते, माझीच रात्रीची झोप उडाली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो अप्रतिम गात होता. गाण्याच्या मध्यावर मला काहीतरी ऐकू आलं. किंवा आल्यासारखं वाटलं. मी बटण दाबलं.

"थांब."

वाद्यं बंद पडली. ओंकार ओरडला, "ताई, काय करताय? किती सुंदर चाललं होतं!"

सुजातने हेडफोन काढला. "काय झालं? मला काहीच जाणवलं नाही."

"मला ऐकू आलं काहीतरी."

"काय?"

"माहीत नाही. आज बंद करू."

त्याचा चेहरा पडला. असा टेक गेला की तो परत येत नाही, हे त्यालाही माहीत होतं, मलाही. मग माझ्या मागून कांचनताई म्हणाल्या, "चल रे. दाखवून येऊ."

ते गेले. मी स्टुडिओत एकटी बसून राहिले. तो अर्धा टेक पुन्हा पुन्हा ऐकला. एकदा वाटायचं, आहे. एकदा वाटायचं, काही नाही. तीस वर्षांत माझ्या कानाने मला असं कधी टांगून ठेवलं नव्हतं.

साडेपाचला कांचनताईंचा फोन आला. तोवर त्यांनी मला कधीच फोन केला नव्हता.

"गळा साफ आहे," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांनी दोनदा बघितलं. काहीही नाही."

मी तो अर्धा टेक बंद केला.

"ताई, ऐकताय ना?"

"हो."

"तो चिडलाय तुमच्यावर. चांगलं गाणं घालवलंत म्हणतो. चिडू दे. उद्या दहाला येतो आम्ही. डबा मी आणते, तुमचाही."